२८२ गुणांचा सत्कार

दहावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत आमच्या बोईसर परिसरात फलक झळकू लागतात. स्टेशनपासून तारापूर एमआयडीसीकडे येणाऱ्या रस्त्यावर, नाक्यांवर, मशिदीच्या बाहेर. प्रत्येक फलकावर वीस-पंचवीस पासपोर्ट फोटो आणि खाली टक्केवारी. मग एखाद्या रविवारी हॉल घेतला जातो आणि गुणगौरव समारंभ होतो. तिलावतने सुरुवात, ‘इक्रा’ या शब्दावर एक भाषण, सच्चर समितीवर दुसरे भाषण, मग नावे पुकारली जातात. ट्रॉफी, प्रमाणपत्र, शाल, एखाद्याला टॅब. अर्जावर अट छापलेली असते: ८० टक्क्यांच्या पुढे. कुठे ७५.

या समारंभांना माझा विरोध नाही. शिकणाऱ्या मुलाच्या गळ्यात हार घालण्याची पद्धत आपल्या समाजात रुजली, ही चांगलीच गोष्ट आहे. माझा प्रश्न एवढाच आहे, की जो मुलगा नववीत ३८ टक्क्यांवर होता आणि दहावीत ५७ वर आला, तो त्या हॉलमध्ये कुठे असतो? माझ्या पाहण्यात तरी तो बहुतेक वेळा खुर्च्या लावत असतो.

त्या मुलाने एका वर्षात १९ टक्क्यांचे अंतर कापले. व्यासपीठावरच्या अनेक मुलांनी इतके अंतर कधी कापलेले नाही, कारण त्यांना ते कापावे लागलेच नाही. घरात शिकलेले आईवडील, पहिलीपासून क्लास, अभ्यासाला वेगळी खोली. त्यांची मेहनत मी नाकारत नाही. पण आपण बक्षीस कशाचे देतो? मूल कुठे पोहोचले याचे, की किती चालून आले याचे?

मराठीत शाळेच्या त्या कागदाला आपण प्रगतिपुस्तक म्हणतो. शब्द फार चांगला आहे. प्रगती मोजायची तर आधी मूल कुठे होते हे माहीत हवे. पण प्रगतिपुस्तक हातात आले की आपण पहिला प्रश्न विचारतो, “नंबर कितवा?” म्हणजे दुसऱ्याच्या मुलाशी तुलना. कालच्या स्वतःशी तुलना कोणी करत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला तेव्हा ही सवय मोडण्याची एक संधी आली होती. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद शिक्षकाने लिहावी असे ठरले. हेतू हाच होता, की मूल कुठून कुठे गेले ते दिसावे. आज त्या नोंदींचे तयार संच मोबाईलवर फिरतात. विषय निवडायचा आणि वाक्य उतरवायचे. वर्गात चाळीस मुले, शिवाय निवडणुकीची कामे, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणे, हे सगळे सांभाळणाऱ्या शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. मी देणार नाही. पण परिणाम असा झाला, की एकेका मुलाचा हिशेब कोणाकडेच राहिला नाही.

आता एका जुन्या सत्काराकडे वळू. १९०७ साली मुंबईत एक मुलगा मॅट्रिक झाला. ७५० पैकी गुण २८२. टक्केवारी काढली तर ३८ सुद्धा भरत नाही. एल्फिन्स्टन हायस्कूलचा हा विद्यार्थी परळच्या चाळीत एका खोलीत राहत होता. त्याला संस्कृत शिकायचे होते, पण जातीमुळे ते नाकारले गेले आणि त्याने फारसी घेतली. मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. या २८२ गुणांचा जाहीर सत्कार झाला. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाला भेट दिले.

आजच्या फलकांवर या मुलाचा फोटो आला असता का? नाही. त्या दिवशी सभेत बसलेल्या लोकांनी गुण पाहिले नव्हते. वर्गात वेगळे बसवले गेलेले, पाण्याच्या भांड्याला हात लावू न दिलेले मूल मॅट्रिकपर्यंत आले, ते अंतर त्यांनी पाहिले होते.

माझ्या मते त्या सत्काराहून महत्त्वाचे काम त्याच्या आधी आणि नंतर झाले. केळुसकर हे विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एक मुलगा वाचत बसलेला त्यांना दिसायचा. त्यांनी त्याची चौकशी केली, ओळख वाढवली, पुस्तके दिली. तो त्यांच्या शाळेचा नव्हता आणि जातीचाही नव्हता. पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी पैसे कमी पडू लागले, तेव्हा हेच केळुसकर त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली तो तरुण कोलंबिया विद्यापीठात होता.

सत्कार एका संध्याकाळी संपतो. केळुसकरांनी त्या मुलावर बरीच वर्षे लक्ष ठेवले होते. बक्षीस आणि पाठीशी उभा राहणारा माणूस या दोन गोष्टी एकत्र आल्या, म्हणून ते २८२ गुण वाया गेले नाहीत.

आता त्याच मुलाला आजच्या अटी लावून पाहू. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २००८ साली सुरू झाली. पालकांचे उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत हवे आणि आधीच्या वर्गात किमान ५० टक्के गुण हवेत, अशी तिची अट. २०२२-२३ पासून पहिली ते आठवी वगळून ती फक्त नववी-दहावीपुरती ठेवली गेली, त्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. पण ५० टक्क्यांच्या अटीवर फारसे कोणी बोलले नाही. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीत वर्षाला १२,००० रुपये मिळतात, तिथेही सातवीत ५५ टक्क्यांची अट आहे. गरीब असणे पुरेसे नाही, गरीब असून आधीच हुशार ठरलेले असावे लागते. ३८ टक्क्यांचा मुलगा दोन्ही दारांच्या बाहेर. सरकारने जी रेषा आखली, तीच आपण आपल्या समारंभात आणखी वर नेऊन ठेवली.

गंमत म्हणजे दुसरी पद्धत आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मकतब आठवा. फज्रनंतर किंवा शाळा सुटल्यावर वीस-पंचवीस मुले एका खोलीत बसतात. कोणी कायद्यावर असतो, कोणी अम्मा पाऱ्यावर, कोणी दहाव्या पाऱ्यावर. बारा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी एकाच पानावर असू शकतात आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. प्रत्येकाचा सबक वेगळा. कालचा सबक पक्का झाला, तर आज पुढचा. नाही झाला, तर तोच पुन्हा. उस्ताद प्रत्येकाला जवळ बोलावून ऐकतात. आणि कायदा संपला, की घरून मिठाई येते, सगळ्या मकतबात वाटली जाते. नाझरा कुरआन पूर्ण झाले, की काही घरांत आमीनचा छोटासा कार्यक्रम होतो, मुलाला नवे कपडे मिळतात. त्या दिवशी कोणी विचारत नाही, की हा कितवा आला, किंवा शेजारच्या मुलाने हेच दीड वर्षात केले होते आणि याला तीन का लागली.

मकतबात सगळे छान असते असे मी म्हणत नाही. अर्थ न कळता पाठ करणे आहे, छडी आहे, अपमानही आहे. पण दोन गोष्टी तिथे बरोबर आहेत. मूल जिथे आहे तिथून पुढे शिकवणे, आणि त्याने स्वतःचा टप्पा ओलांडला की सगळ्यांना मिठाई वाटणे. आपण मुलाला मकतबात एका मापाने मोजतो आणि शाळेत दुसऱ्या मापाने.

मी सालवडला राहतो. कंपन्यांच्या पाळ्यांवर इथला दिवस चालतो. उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाडा, खानदेश अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबे चाळींतल्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. माझ्या शेजारच्या खोलीतला एक मुलगा दीड वर्षापासून संध्याकाळी माझ्याकडे वाचायला येतो. वडील ठेकेदाराकडे, कापडाच्या कंपनीत. पाळी दर आठवड्याला बदलते. आई घरी शिलाई करते. घरात भोजपुरी, मकतबात उर्दू अक्षरे, शाळेत मराठी आणि आजूबाजूच्या पाट्यांवर इंग्रजी. त्याला पहिल्यांदा वाचायला बसवले, तेव्हा तो सहावीत होता. ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणायचा, ‘शेतकऱ्याने’पाशी थांबायचा आणि थांबला की जमिनीकडे बघायचा. चौथीच्या बालभारतीतला एक परिच्छेद त्याला दिला. अकरा ओळींत तो एकवीस ठिकाणी अडखळला. मी वहीत तारीख घालून ते लिहून ठेवले. त्यालाही दाखवले. रागावलो नाही, ‘बघ, तुझी बहीण किती छान वाचते’ असेही म्हटले नाही.

मग आमचा एक करार झाला. बक्षीस गुणांवर नाही. गुण शिक्षक देतात, पेपर कोणी दुसराच काढतो, ते त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात आहे ते येणे, बसणे आणि रोज एक पान मोठ्याने वाचणे. सलग बारा संध्याकाळी आला, तर त्याने सांगितलेली एक छोटी वस्तू. पहिल्यांदा त्याने कंपासपेटी मागितली. दुसऱ्यांदा चिंचणीच्या किनाऱ्यावर जाणे, बहिणीलाही घेऊन. तिसऱ्यांदा गोष्टीचे पुस्तक, तेही स्वतः निवडून. एकूण खर्च एका बिर्याणीच्या पार्टीपेक्षा कमी.

पाच महिन्यांनी सहावीच्या पुस्तकातला तेवढाच परिच्छेद दिला. सहा ठिकाणी अडखळला. मी वहीत लिहायला घेतले, तेव्हा तो म्हणाला, “चाचा, पुराना पन्ना दिखाओ.” त्याला एकवीसचा आकडा पुन्हा बघायचा होता. नंतर कितीतरी दिवस आल्या आल्या तो आधी ते पान उघडायचा. कंपासपेटीपेक्षा त्या पानाचे त्याला जास्त वाटत होते, असे माझे मत आहे. आपण चाललो आहोत याचा पुरावा त्याच्यासाठी कोणीतरी जपून ठेवला होता.

सातवीच्या शेवटी मराठीत तो ‘ड’ श्रेणीतून ‘क-१’ मध्ये आला. म्हणजे ३३ ते ४० च्या गटातून ५१ ते ६० च्या गटात. त्याच्या आईने प्रगतिपुस्तक शेजारणीला दाखवले. शेजारीण प्रेमळ बाई आहे, पण तिनेही तेच विचारले, “नंबर कितवा आला?” शाळेच्या कार्यक्रमात पहिल्या तिघांना बोलावले गेले. हा टाळ्या वाजवत होता.

हा एका मुलाचा अनुभव आहे, त्यावरून नियम काढू नये. पण याच्याशी जुळणारे मोठे प्रयोग झालेले आहेत. त्यातला एक आपल्या मुंबईतला. ‘प्रथम’ संस्थेने महापालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली तरुणी, मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज सुमारे दोन तास वेगळी घेऊन बसायची आणि त्यांना जिथे अडले आहे तिथून शिकवायची. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा इथे या कामाची काटेकोर तपासणी झाली. मागे पडलेल्या मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली. तपासणी करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. यात महागडे काहीच नव्हते. वस्तीतली एक मुलगी होती आणि तिच्याकडे प्रत्येक मुलासाठी वेळ होता.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, बक्षिसांचा. रोलंड फ्रायर या अर्थतज्ज्ञाने २००७ नंतर चार शहरांत मुलांना रोख पैसे देऊन पाहिले. न्यूयॉर्कमध्ये चाचणीतल्या गुणांसाठी, शिकागोत वर्गातल्या श्रेणीसाठी, डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना एक पुस्तक वाचून त्यावरचे प्रश्न सोडवले की दोन डॉलर. गुणांसाठी पैसे दिले तिथे चाचण्यांच्या निकालात फारसा फरक पडला नाही. पुस्तकांसाठी दिले तिथे वाचनाची समज वाढली. कारण समजण्यासारखे आहे. गुण कसे वाढवायचे हेच मुलाला ठाऊक नसेल, तर आमिष दाखवून उपयोग काय? पुस्तक उघडून वाचणे मात्र त्याला आजच करता येते. ‘नव्वद टक्के आण, मोबाईल देतो’ हे आपल्या घराघरातले वाक्य म्हणून फोल ठरते. नव्वदपर्यंतची वाट मुलाला कोणी दाखवलेली नसते.

बक्षीस मुळातच नको असे म्हणणारी एक मोठी परंपरा आमच्याच जिल्ह्यात आहे आणि तिच्याकडे पाठ फिरवता येणार नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे चारणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येता येत नाही, म्हणून कुरणशाळा निघाली. मुले जिथे गुरे नेतात तिथे शिक्षण न्यायचे. त्यांची पद्धत माँटेसरी आणि गिजुभाई बधेका यांच्या विचारांतून आलेली. त्या विचारात शिक्षेला जशी जागा नाही, तशी बक्षिसालाही नाही. शिकण्याचा आनंद हेच मुलाचे बक्षीस. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध प्रयोगात याला दुजोरा मिळाला. चित्रे काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना ‘चित्र काढा, प्रमाणपत्र देऊ’ असे सांगितले, तर नंतर ती मुले आपणहून कमी चित्रे काढू लागली.

हा आक्षेप मला मान्य आहे, एका मर्यादेसह. ज्या मुलाला वाचायला आवडते त्याला वाचण्यासाठी पैसे देऊ नका, तुम्ही त्याची आवड मारून टाकाल. पण ज्याला सहा वर्षे वाचन म्हणजे वर्गासमोरची फजिती एवढेच माहीत आहे, त्याला आनंदापर्यंत पोहोचण्याआधी दारापर्यंत तरी यावे लागते. छोटे बक्षीस त्याला दारापर्यंत आणते. आत आला, की ते हळूहळू काढून घ्यायचे. शेजारच्या मुलाने सहाव्या महिन्यानंतर बारा दिवस मोजणे सोडले. मीही आठवण केली नाही.

दुसरा आक्षेप मी नेहमी ऐकतो. “५७ टक्क्यांवाल्याला शाल घातली, तर ९४ वाल्याची किंमत काय राहिली?” त्याची शाल कोणी काढून घेत नाही. ८० ची अट आहे तशी राहू द्या. फक्त दुसरी एक रांग उभी करा.

ती रांग लावायला फार काही लागत नाही. अर्जासोबत यंदाची एकच गुणपत्रिका मागवण्याऐवजी मागच्या दोन वर्षांचीही मागवा. तीन निकाल शेजारी ठेवले, की एखादा पेपर नशिबाने चांगला गेला की मूल खरेच चढत गेले, ते कळते. मुलींच्या बाबतीत हिशेब थोडा वेगळा धरा. आठवीनंतर जिचे नाव कापायचे घरात ठरले होते आणि जी नववीत टिकली, वर्षभर न चुकता शाळेत गेली, तिची प्रगती टक्क्यांत दिसणार नाही, ती हजेरीत दिसेल. आणि त्या व्यासपीठावर मुलाबरोबर त्या माणसालाही बोलवा, ज्याने त्याचा हिशेब ठेवला. तो शिक्षक असेल, उस्ताद असतील, बारावी झालेली शेजारची ताई असेल. असा माणूस कोणीच नसेल, तर त्याच समारंभात एक नेमून द्या. हॉलमध्ये दोनशे शिकलेली माणसे बसलेली असतात. त्यातल्या वीस जणांनी एकेक मूल घेतले, आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर दिला आणि वीस रुपयांची वही आणली, तरी पुढच्या वर्षी त्या रांगेत वीस मुले असतील.

हे घाईने करण्याचे कारण आहे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याचे छत्र आठवीपर्यंत पुरते. नववीत परीक्षा खरी होते, खर्च खरा होतो आणि आमच्यासारख्या औद्योगिक वसाहतीत शाळेबाहेरचे दार नेहमी उघडे असते. गॅरेज आहे, चिकनचे दुकान आहे, अठरा पूर्ण होताच ठेकेदार आहे. ९४ टक्क्यांचे मूल त्या दाराकडे बघतही नाही. ३८ टक्क्यांचे मूल रोज त्याच्यासमोरून जाते आणि ‘तुझ्याने होणार नाही’ हे त्याला शाळेपासून घरापर्यंत सगळ्यांनी सांगून झालेले असते. त्याला थांबवायला भाषण पुरत नाही. तू मागच्या वर्षी इथे होतास, आज इथे आहेस, हे त्याला आकड्यांत दाखवणारे कोणीतरी लागते.

शेजारचा मुलगा आता आठवीत आहे. पुढच्या जूनमध्ये नववी. गुणगौरव समित्यांच्या बैठका साधारण मे महिन्यात होतात. ज्यांचा तिथे शब्द चालतो त्यांना विनंती, की यंदा अर्जाचा नमुना छापायला देण्याआधी त्यात एक ओळ वाढवा: मागील दोन वर्षांच्या गुणपत्रिका जोडाव्यात.